दुसरा पाय

काशीरामच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला, तेव्हा घरात कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. मिठागरात राबणाऱ्या माणसाच्या पायाला काही ना काही होतच असतं. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून टाचा फाटतात, बोटांच्या बेचक्या सडतात, जखमेत मिठाचा खडा गेला की भलाभला माणूस जागच्या जागी नाचायला लागतो. तेल-हळद चोपडायची, चिंधी गुंडाळायची आणि सकाळी पुन्हा आगरात उतरायचं, ही खाडीकाठच्या त्या गावाची रीतच होती. त्याच्या बायकोनं, मंदानंही तेच केलं. हळद लावली, चिंधी बांधली.

पण त्याच्या चालण्यात काहीतरी बिघडलं होतं. बांधावरून थोडं चाललं की पोटरीत गोळा यायचा आणि तो मटकन खाली बसायचा. बसला की बिडी पेटवायचा. बिडी संपेस्तोवर गोळा उतरलेला असायचा. त्यामुळे बिडीनंच पाय मोकळा होतो, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. बिडीला तोटा नव्हताच. आठवड्याच्या मजुरीबरोबर जगन्नाथ मुकादम प्रत्येकाच्या हातावर बिडीचं बंडल ठेवायचा. मालकाची तशी पद्धतच होती. काशीरामला मिसरूड फुटायच्या आधीपासून ते बंडल मिळत आलं होतं.

अंगठ्याचा वास यायला लागला, तेव्हा मंदानं त्याला बैलगाडीत घातलं आणि माणिकपूरला फर्डिनंड डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी अंगठ्याकडे नुसतं पाहिलं आणि घोट्याजवळ बोटं टेकवून नाडी शोधत राहिले. मग दुसऱ्या पायाचा घोटा चाचपला.

"नाडी लागत नाही," ते म्हणाले. "पायाला रक्त नेणाऱ्या नळ्या बंद होत चालल्यात. बिडी ओढतोस?"

"वडतो."

"ती आजपासून बंद. नाहीतर पाय जाईल."

काशीराम हसला. "डाक्टर, आमच्या आगरातला येक मानूस दाखवा बिडी न वडनारा. मग त्यांचे पाय कसे शाबूत?"

"सगळ्यांना होत नाही हा रोग," डॉक्टर म्हणाले. "कुणाला होतो आणि कुणाला नाही, ते मलाही सांगता येणार नाही. पण तंबाखूला शिवलेला नाही आणि हा रोग झालाय, असा माणूस माझ्याकडे अजून आलेला नाही. ज्याला होतो त्याला बिडी म्हणजे विष. कमी करून चालत नाही, अर्धी ओढून चालत नाही. बंद म्हणजे बंद."

काशीरामनं मान हलवली आणि गाडीत बसताच कानावरची बिडी काढून पेटवली.

पावसाळा संपायच्या आत मुंबईच्या इस्पितळात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. मंदा पायऱ्यांवर बसून होती. पुढं कित्येक दिवस ती त्या वॉर्डात येत-जात राहिली आणि तिथल्या खाटा पाहत राहिली. कुणी गिरणीतला होता, कुणी गोदीतला, कुणी हॉटेलात कपबशा धुणारा. सगळी भर तिशीतली माणसं. कुणाचा पाय घोट्यापासून गेलेला, कुणाचा मांडीपासून, एकाचे दोन्ही. तो दोन्ही पाय गेलेला माणूस उशीखालून बिडी काढायचा, आणि नर्स पाठमोरी झाली की ओढायचा. मंदानं ते पाहून ठेवलं.

घरी परतताना काशीरामनं दोन्ही पोरींच्या डोक्यावर हात ठेवून बिडी सोडायची शपथ घेतली. मंदानं ती खरी मानली. त्यानं घेतली तेव्हा ती खरीच होती.

नंतर एक दिवस त्याच्या सदऱ्याला बिडीचा वास आला.

त्यानं आधी नाकारलं, मग चिडला, मग तोंड फिरवून भिंतीकडे बसून राहिला. मंदानं घर पालथं घातलं. आढ्याखाली, रांजणाच्या मागे, कुबडीच्या वरच्या चिंध्यांत, सगळीकडे हात घातला. काही सापडलं नाही. मग ती घराबाहेर पडली.

आधी ती मुकादमाकडे गेली. जगन्नाथ मुकादम वाईट माणूस नव्हता. पाय गेल्यावर त्यानंच काशीरामला पोती शिवायचं बसून करायचं काम दिलं होतं. आता त्या कामाच्या मजुरीबरोबरही तो बंडल पाठवत होता.

"त्याला बंडल देऊ नका, मुकादम."

"अगं, पाय गेला त्याचा. आता बिडी पन काढून घेऊ?" मुकादमाला खरंच वाईट वाटत होतं. "मानसाला कायतरी इरंगुळा नको?"

"त्याच बिडीनं पाय खाल्लाय."

"मी तीस वरसं वडतोय." मुकादमानं आपले दोन्ही पाय पुढं केले आणि पायांकडे कौतुकानं पाहिलं. पण तिच्या चेहऱ्याकडे नजर गेली तेव्हा त्यानं पाय मागे घेतले. "बरं. त्याला नाय देनार. बाकीच्यांचं मना सांगू नकोस."

गावातल्या दोन्ही दुकानदारांना तिनं हात जोडले. एकानं हो म्हटलं आणि दिलेला शब्द पाळला. दुसरा म्हणाला, गिऱ्हाईक समोर उभं राहिलं तर मी त्याचे पाय मोजत बसू का? मंदा पंचायतीत गेली. बाया तिथं जात नसत. ती दाराशी उभी राहिली, आणि सरपंच आलोशियस यांनी आत बोलावलं तेव्हा एका दमात बोलून मोकळी झाली. माझ्या नवऱ्याला गावात कुणी बिडी विकू नये. लहान पोरांना विकू नये. मजुरीत बिडी वाटू नये.

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "सरकारनं दारू बंद केली, आता ही बिडी बंद करनार. मग आमी काय चुना चाटायचा?" बैठक हसली.

आलोशियस हसले नाहीत. "बाई, दारू बंद करायला कायदा झालाय," ते म्हणाले. "तंबाखूवर सरकार स्वतःच कर घेतं. ज्याच्यावर सरकार कर घेतं, ते पंचायत कसं बंद करणार? मी दुकानदारांना सांगून बघतो. पण सक्ती करता येणार नाही मला."

"त्याचा दुसरा पाय गेल्यावर येईल का करता?"

या वेळी बैठक हसली नाही. पण ठरावही झाला नाही. मंदा तशीच घरी आली.

खरी गोष्ट कळली ती एका दुपारी. ती ओढ्यावर धुणं घेऊन गेली होती आणि साबण विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतली. मागच्या दारी काशीराम खाटेवर बसला होता, उरलेला पाय खाली सोडून. पाय वर घेतला की तो ठणकायचा, म्हणून तो झोपायचाही तसाच. त्याची आई त्याच्या तोंडाशी वाकली होती. तिनं बिडी स्वतःच्या ओठांत धरून पेटवली, एक झुरका मारला, खोकली, आणि मग त्याच्या ओठांत दिली. लहानपणी घास फुंकून भरवावा तशी.

मंदाच्या हातातली बादली खाली पडली.

"आये, तुमी?"

म्हातारी दचकली नाही. इतक्या दिवसांचं ओझं उतरल्यासारखी ती तिथंच जमिनीवर बसली. "व्हय, मीच. त्याचं वरडनं तू आयकतेस, मी नाय आयकत? तू धुन्याला जातेस, बाजाराला जातेस. मी कुठं जाऊ? येक झुरका दिला का गप व्हतो. माझ्या पोटचा हाय तो, मंदे. मना नाय बघवत."

"आन हे बघवतं?" मंदानं खाली बसून त्याचा उजवा पाय हातात घेतला. करंगळीचं टोक निळं-काळं झालं होतं. तिनं ते सकाळीच पाहिलं होतं आणि कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की ते खरं झालं असतं.

सासूनं बोट पाहिलं. ओळखीचं होतं ते. डाव्या अंगठ्याची सुरुवातही अशीच झाली होती. म्हातारीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काशीराम मात्र दोघींकडेही पाहत नव्हता. बिडी विझेल की काय या भीतीनं तो भराभर झुरके मारत होता.

त्या संध्याकाळी मंदानं ठरवलं, बिडी पोचणार नाही अशा जागी त्याला न्यायचं. पावसाळा तोंडावर होता, आणि पावसाळ्यात मिठागर बंद असतं. चहूकडे पाणी, माणूस नाही, दुकान नाही. आगराच्या टोकाला खाडीलगत राखणदाराचं एक खोपट होतं. मिठाची पोती भिजू नयेत म्हणून आत फळ्यांचा उंच माच केलेला होता. तिनं मुकादमाकडून खोपट मागून घेतलं. फर्डिनंड डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "पाय कोरडा ठेव, उबदार ठेव, आणि बिडी त्याच्यापर्यंत पोचू देऊ नकोस. यापेक्षा मोठं औषध माझ्याकडे नाही." मग विचारलं, "तुला झेपेल का पण?"

"नाय झेपलं तर काय, डाक्टर?"

त्यांनी कपाट उघडलं. पायाला गुंडाळायला कापसाचा गठ्ठा दिला.

पोरींना तिनं चांदीपला आपल्या आईकडे धाडलं. काशीरामला सांगितलं, की मालकाला राखण करायला माणूस हवाय. त्याला ते खरं वाटलं की नाही कोण जाणे, तो आला. दोघा आगऱ्यांनी त्याला पाठीवरून बांधावरनं आणलं आणि माचावर ठेवलं. ते निघाले तसं त्यानं मागितलं, "दोस्तांनो, येक बिडी ठेवून जा." त्यांनी मंदाकडे पाहिलं आणि खाली बघत निघून गेले.

पुढचे दिवस कसे गेले ते मंदानं पुढं कधी कुणाला धड सांगितलं नाही. त्याला घाम सुटायचा, हात कापायचे. तो शिव्या द्यायचा, तिच्या आईबापाला, तिच्या जन्माला. मग रडायचा आणि माफी मागायचा, आणि माफी मागता मागता बिडी मागायचा. पायात आग आणि बर्फ एकाच वेळी भरल्यासारखं होतंय म्हणायचा. "मना मारून टाक," असं त्यानं तिला शांतपणे सांगितलं, आणि त्याच्या शांतपणाचीच तिला जास्त भीती वाटली. ती त्याचा पाय कापसात गुंडाळून मांडीवर घेऊन बसायची. आपण नवऱ्याला बरा करतोय की छळून मारतोय, हे तिलाही कळेनासं झालं होतं. विचारायला जवळ कुणी नव्हतं. खाडीचं पाणी वर चढायचं आणि उतरायचं, तेवढंच.

एका सकाळी ती गोड्या पाण्याचा हंडा घेऊन परतली, तर माच रिकामा. चिखलात त्याच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या रेघा उमटल्या होत्या. ती धावली. तो खाडीच्या काठाशी पालथा पडून हात हलवत होता. भरतीबरोबर एक रेतीची होडी वर चालली होती.

"दादा! लंगडा मानूस हाय! येक बिडी द्या!"

"देऊ नका!" मंदा जिवाच्या आकांतानं ओरडली. पण होडीवाल्याला फक्त चिखलात पडलेला एक पाय नसलेला माणूस दिसला. त्याला कणव आली. पानात गुंडाळून त्यानं दोन बिड्या नेमक्या काठावर फेकल्या आणि हात उंचावून रामराम केला. होडी वळणाआड गेली.

बिड्या काशीरामच्या मुठीत होत्या. ती मूठ मंदाच्यानं उघडेना. ओढत, ढकलत तिनं त्याला खोपटात आणलं, पाय पुसून कोरडा केला. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की त्याच्याजवळ विस्तव नाही. काडेपेटी तिच्या कनवटीला होती.

त्याच्याही ते ध्यानात आलं होतं.

"मंदे," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ, लग्न झालं त्या दिवसांतला. "तुझ्या हातानं पेटव. ही शेवटची. देवाशपथ, यानंतर नाय मागनार. मना थोडं झोपू दे. तू पन झोप. किती दिवस झोपली नायस तू."

हे खरं होतं. ती झोपली नव्हती. एका काडीचं काम होतं. तो गप्प झाला असता, खोपट गप्प झालं असतं, आणि भिंतीला डोकं टेकून ती जरा डोळे मिटू शकली असती. सासूनं का दिली असेल ते तिला त्या क्षणी पुरतं कळलं. तिनं कनवटीची पेटी काढली. काडी ओढली. सादळलेली काडी दुसऱ्यांदा पेटली. काशीराम बिडी ओठांत धरून पुढं वाकला. त्याचा चेहरा उजळला होता, जत्रेत मिठाईपुढं उभ्या राहिलेल्या पोरासारखा. त्याला तिची आठवण नव्हती, पायाची नव्हती, पोरींची नव्हती. त्या जाळाखेरीज त्याला जगात काही दिसत नव्हतं.

मंदानं काडी फुंकून विझवली. दाराशी गेली आणि काडेपेटी खाडीत भिरकावून दिली.

काशीराम असा ओरडला, की तो आवाज माणसाचा वाटेना. त्यानं कुबडी उचलून फेकली. ती तिच्या कपाळाला लागली आणि रक्ताची धार डोळ्यात उतरली. मंदा दारातच बसली. पुसायलाही तिचा हात उठला नाही. आता चूल पेटणार नव्हती, दिवा लागणार नव्हता. तिनं पोहे पाण्यात भिजवले, गूळ घातला आणि वाटी त्याच्यापुढं सरकवली. त्यानं ती लवंडून दिली. नंतर, भुकेपुढं नाइलाज झाल्यावर, तेच पोहे फळीवरून वेचून खाल्ले. दोघंही रडत होते, पण एकमेकांकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी बांधावर सासू दिसली. डोक्यावर भाकरी-कालवणाची टोपली होती. मंदा उठून आडवी उभी राहिली. त्या बाईवर विश्वास ठेवायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

म्हातारी बांधावरच थांबली. टोपली खाली ठेवली, पदर सोडून झटकला, कमरेची चंची उलटी केली. "बघ. धड शोध माझं अंग. माझी मशेरी पन चुलीत टाकली, घरात तंबाखूचा कन ठेवला नाय." मग तिचं लक्ष सुनेच्या कपाळाकडे गेलं. तिनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि वाळलेलं रक्त हळूहळू पुसून काढलं.

आतून काशीरामनं आईचा आवाज ऐकला. "आये! आये, इस्तव आन! येक कोलीत आन!"

म्हातारी खोपटात गेली नाही. दाराबाहेर गुडघ्यांत डोकं घालून बसली आणि त्याच्या प्रत्येक हाकेला हुंदका देत राहिली, पण उठली नाही. त्यानंतर ती रोज येऊ लागली. शिजवलेलं अन्न, कोरडं फडकं आणि विझवून थंड केलेली चुलीतली राख, भांडी घासायला. विस्तव कधीच नाही. दोन्ही बिड्या काशीरामच्या मुठीत भिजून, कुसकरून शेवटी चिखल होऊन गेल्या.

आरडाओरडा ओसरला, तसा तो मुका झाला. खायचा, झोपायचा, पाय तिच्या स्वाधीन करायचा, पण बोलायचा नाही. करंगळी गेली. वाळक्या शेंगेसारखी आपोआप सुकली, आणि डॉक्टरांनी खोपटात येऊन ती काढून टाकली. मात्र काळं वर चढलं नाही. दसऱ्याच्या सुमाराला फर्डिनंड डॉक्टर पुन्हा बांध तुडवत आले आणि त्यांनी पावलावर तळहात ठेवला.

"ऊब आहे," ते म्हणाले. मंदाकडे पाहून पुन्हा म्हणाले, "मंदाबाई, ऊब आहे पायाला."

मंदाला आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त झोप आली. ती तिथंच फळीवर आडवी झाली आणि डॉक्टर गेले ते तिला कळलंही नाही.

घरी परतल्यावरही काशीराम तिच्याशी बोलला नाही. पोरींशी बोलायचा, आईशी बोलायचा, पोती शिवता शिवता शेजाऱ्यांशीही बोलायचा. मंदाकडून काही हवं-नको असलं तर पोरींकरवी सांगायचा. तिनं कधी जाब विचारला नाही. पाय आहे, एवढ्यावर ती दिवस काढत होती. कधी कधी मात्र भाकरी थापताना तिला वाटायचं, की पाय वाचवताना नवरा त्या खोपटातच राहून गेला.

पुढच्या हंगामात, आगरात मीठ धरायला लागलं त्या सुमाराला, उमेळ्याकडची एक बाई त्यांच्या अंगणात येऊन उभी राहिली. सावित्री तिचं नाव. तिच्या नवऱ्याचं बोट काळं पडलं होतं. फर्डिनंड डॉक्टरांनीच तिला इकडं पाठवलं होतं.

"तुमी काय केलंत, ते सांगा," ती म्हणाली. "मी पन तेच करीन."

ती बाई तिच्या तोंडाकडे आशेनं पाहत होती, आणि मंदाच्या डोळ्यांपुढं फक्त तो माच आणि ती शांत आवाजातली मागणी येत होती, मना मारून टाक. असलं काही दुसऱ्या बाईला कर म्हणून सांगायचं तरी कसं?

ओट्यावर दाभण थांबलं. काशीरामनं पोतं बाजूला सारलं आणि कुबडीला हात घातला.

"चल, मंदे," तो म्हणाला. "मी येतो."

ती चमकून पाहत राहिली. तो आधीच उठून अंगणात उतरला होता.

उमेळ्याला पोचायला त्यांना फार वेळ लागला. सावित्रीचा नवरा ओटीवर बसला होता, पाय खाली सोडून, हातात पेटलेली बिडी. काशीराम त्याच्यासमोर जमिनीवर बसला, धोतराचा सोगा वर घेतला आणि तुटका पाय त्याच्यापुढं ठेवला. मग दुसरा पाय, करंगळी नसलेला.

त्या माणसानं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग नजर वळवून त्यानं बिडीचा झुरका घेतला, आणि धूर दोघांच्या मधोमध तरंगत राहिला.

काशीरामच्या नाकपुड्या फुलल्या. मंदानं ते पाहिलं. त्याचे दोन्ही हात मांडीवर घट्ट आवळले गेले होते, बोटांची पेरं पांढरी पडली होती. पण तो उठला नाही.

"वड," तो त्या माणसाला म्हणाला. "वडून झाली का मग बोलू. मी बसलोय."

सावित्रीनं आतून पाण्याचा तांब्या आणला. मंदा नवऱ्याशेजारी जमिनीवर बसली.